हेस्टरचं पिस्तूल आणि नेडची सही

हॉपटन ब्रुक, श्रॉपशायर
४ फेब्रुवारी १९९६

प्रिय नेड,

सा. न., आणि इशबेल वहिनीच्या गालाचा माझ्या वतीने एक पापा घे. तुझी दाढी तिला टोचेल, पण त्याला माझा इलाज नाही.

तू पाठवलेला संत्र्याचा मुरंबा पोचला. अर्धा खोक्यात सांडला होता, आणि उरलेला चाखून वाटलं की तोही सांडला असता तर बरं झालं असतं. हेडमास्तरांनी निवृत्त झाल्यावर गुलाब लावावेत, स्वयंपाकघरात शिरू नये.

इथे पाणी गोठतंय. पाय दुखतो, पण तो दुखला नाही तर मलाच चुकल्यासारखं होईल. पियानोच्या शिकवण्या जोरात आहेत. प्रॉसरबाईंची रोवेना नव्याने येऊ लागलीय, सहा वर्षांची आहे. तिची करंगळीशेजारची बोटं कामचुकार आहेत, पण कान असा तयार की मी एक सूर मुद्दाम चुकीचा वाजवला तर माझ्याकडे दयेने पाहते.

आणि खरी बातमी आता. उन्हाळ्यातल्या बिस्लीच्या नेमबाजी सामन्यांसाठी जिल्ह्याच्या संघात पुन्हा माझं नाव आहे. साठी उलटल्यावर. बेडोज खाटकाने जुन्या दगडखाणीतल्या आमच्या क्लबात सगळ्यांसमोर ते वाचून दाखवलं आणि मला सॉसेजची माळ बक्षीस दिली. तुला ठाऊकच आहे, ह्या पायाने मला शाळेत प्रत्येक खेळाच्या कडेला बसवलं. खाणीत पायाची चौकशी कुणी करत नाही. तिथे मनगट लागतं आणि श्वास धरता यावा लागतो.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायचा असेल तर मुरंब्याशिवाय दुसरं काही पाठव.

तुझी,
हेट्टी

•

किलमार्टी, पर्थशायर
२१ मार्च १९९६

प्रिय हेट्टी,

अ. आ. आज थट्टा नाही.

डनब्लेनच्या शाळेतल्या गोळीबाराचं तू ऐकलंच आहेस. आमच्यापासून गाडीने ते अर्ध्या तासावर आहे. इशबेलच्या मैत्रिणीचा नातू त्याच शाळेत आहे, वरच्या वर्गात, म्हणून तो संध्याकाळी घरी आला. सोळा लेकरं आणि त्यांच्या बाई आल्या नाहीत. ती पाच-सहा वर्षांची मुलं व्यायामाच्या हॉलमध्ये होती. मी सगळी नोकरी तसल्याच हॉलमध्ये काढली. मुलांना जमिनीवर मांडी घालून बसवायचं, नाकं पुसायची, बुटांचे बंद बांधायचे. आता डोळे मिटले की तो हॉल दिसतो आणि मी डोळे उघडतो.

त्या माणसाची पिस्तुलं परवान्याची होती. तो क्लबात जाऊन नेमबाजी करायचा. हे वाचल्यापासून तुला एक गोष्ट विचारायची आहे. इतक्या वर्षांत ती कधी विचारली नाही, कारण मनातच आली नव्हती. तू तुझं पिस्तूल घरात ठेवतेस का? कुठे?

रागावू नकोस. इशबेल म्हणते की हे पत्र टाकू नकोस. मी टाकतोय.

जपून राहा, आणि माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

नेड

•

हॉपटन ब्रुक
२ एप्रिल १९९६

प्रिय नेड,

सा. न. वि. वि.

मी रागावलेले नाही. त्या दिवशी रेडिओ ऐकला आणि संध्याकाळच्या दोन्ही शिकवण्या रद्द केल्या. मुलांच्या बोटांकडे बघवेना.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. जिन्याखाली लोखंडी कपाट आहे, भिंतीत बोल्टांनी बसवलेलं. पिस्तूल त्यात, गोळ्या दुसऱ्या पेटीत वेगळ्या कुलपात. किल्ल्या कुठे आहेत हे मी तुलासुद्धा सांगणार नाही, कायद्यानेही सांगू नये. परवान्याच्या वेळी पोलीस येतात, कपाट हलवून पाहतात, माझं डोकं ठिकाणावर आहे का तेही गप्पांतून पाहतात. क्लबात नवा माणूस आला तर सहा महिने आम्ही त्याच्याकडे बारकाईने बघतो. बेडोजने गेल्याच वर्षी एकाला हाकललं, फार बढाया मारायचा म्हणून. त्या नराधमाबद्दल तक्रारी होत्या असं पेपरात येतंय. मग त्याचा परवाना का राहिला, हे मलाही कुणाला तरी विचारायचंय, नेड. तुझ्याइतकंच.

एक गोष्ट लिहू की नको असं झालंय. प्रॉसरबाई मंगळवारी आल्या. दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या की रोवेनाला सध्या दमल्यासारखं होतं, तर काही दिवस शिकवणी नको. बोलताना त्यांची नजर माझ्या खांद्यावरून जिन्याकडे जात होती. मी म्हटलं ठीक आहे. त्या गेल्यावर मी आरशात पाहिलं. तीच बाई होती.

तुम्हा दोघांची आठवण नेहमीपेक्षा जास्त येते. तेवढीच तुम्हीही काढा.

हेट्टी

•

किलमार्टी
९ जून १९९६

प्रिय हेट्टी,

अ. आ.

दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून लिहितो. खाजगी पिस्तुलांवर सरसकट बंदी यावी म्हणून जो अर्ज देशभर फिरतोय, त्यावर मी सही केली आहे. नुसती सही करून थांबलो नाही. गेले पाच शनिवार गावातल्या दुकानासमोर टेबल टाकून, छत्री धरून, लोकांच्या सह्या घेतो आहे.

मला त्याची लाज वाटत नाही. तुला न सांगण्याची वाटली असती. तुझ्यासारख्या माणसाच्या हातात पिस्तूल असलं तर कुणाचं काही बिघडत नाही, हे मला कळतं. पण कपाट कितीही मजबूत असलं तरी माणसाच्या डोक्याला बोल्ट मारता येत नाहीत, आणि पुढचा माणूस कोण हे तुमच्या बेडोजलाही ओळखता येईलच असं नाही. एक तरी आई-बाप वाचणार असतील तर तुझा खेळ गेला तरी चालेल, असं मी ठरवलं. हे ठरवताना समोर तूच होतीस. दुसरं कुणी नव्हतं.

आता तुला काय म्हणायचंय ते म्हण. मला शिव्या दे, पण लिही.

नेड

•

हॉपटन ब्रुक
१७ जून १९९६

श्री. एडमंड टॅरंट यांस,

स. न. वि. वि.

पत्र पोचले. मजकूर समजला. माझा खेळ गेला तरी चालेल असे आपण ठरवल्याचे कळले. ठरवण्याआधी विचारले असते तर मीही काही सांगितले असते.

कळावे.

हेस्टर टॅरंट

•

किलमार्टी
३ मार्च १९९७

प्रिय हेस्टर,

स. न. वि. वि. लिहिण्याची आता मला धास्तीच वाटते. तुझ्या मागच्या पत्रातली ती चार अक्षरं नेड अजून मधूनमधून म्हणून दाखवतो. तेव्हा माझा नुसता नमस्कार घे.

हे पत्र मी त्याच्या नकळत लिहीत नाही. लिहितेय असं त्याला सांगितलं. तो म्हणाला की लिही, पण माझ्याबद्दल काही लिहू नकोस. म्हणून त्याच्याबद्दलच लिहिते.

ख्रिसमसला तुझं कार्ड फक्त माझ्या नावाने आलं. त्याने ते उलटून पालटून पाहिलं आणि म्हणाला की हेट्टीचं अक्षर सुधारलंय. सकाळी टपालाची झडप वाजली की हातातली कपबशी ठेवून उठतो, आणि बिलं घेऊन परत येतो. छातीत मधूनमधून दुखतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. जिवावरचं काही नाही, पण चढ चढू नका म्हणालेत, आणि आमच्या गावात सपाट असं काही नाही.

गेल्या आठवड्यात पेपरात लंडनच्या मोर्चाचा फोटो आला. नेमबाजांची ती गर्दी, आणि कडेला काठी टेकून उभी असलेली तू. त्याने चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं. आता हा तुझ्या राजकारणावर घसरणार असं मला वाटलं. तर म्हणाला की फेब्रुवारीत हा असला पातळ कोट घालतं का कुणी.

मोठी पिस्तुलं बंद, पण तुझ्या पिस्तुलासारखी लहान नळीची, पॉइंट टू-टूची क्लबात कुलपात ठेवली तर चालतील, असा कायदा झाला तेव्हा त्याने पेपर घडी करून ठेवला आणि हेट्टीचं वाचलं एवढंच म्हणाला. त्या दिवशी जेवण नीट गेलं. हा माणूस बंदी मागायला पावसात बसला होता, हेस्टर. मला तर हे कोडं सुटत नाही. तुला सुटलं तर कळव.

दोघांवरही जीव असलेली,
इशबेल

•

हॉपटन ब्रुक
१६ मार्च १९९७

प्रिय इशबेल, आणि खुर्चीच्या मागून वाचणाऱ्या नेड,

दोघांना सा. न.

कोट पातळ नव्हता. आतून लोकर होती. फोटोत लोकर दिसत नाही.

मोर्चाला मी गेले कारण वर्षभर मला कुणी काही विचारलं नव्हतं. पेपरवाल्यांनी लिहिलं की असल्या लोकांना मारण्याची हौस असते. मी आयुष्यात कागदाखेरीज कशावर नेम धरलेला नाही, बागेतली गोगलगायसुद्धा मी उचलून पलीकडे ठेवते. किराणा दुकानात माझ्यामागे कुजबुज होते. शिकवणीला येणारी निम्मी मुलं गेली. परवाना असलेल्या आम्हा सत्तावन्न हजार माणसांनी काय केलं होतं, एवढंच मला मोठ्याने विचारायचं होतं, आणि तिथे माझ्यासारखीच शेकडो माणसं होती. शाळामास्तर, दाई, चाकाच्या खुर्चीतली दोन मुलं. त्यांच्यात उभं राहून मला फार दिवसांनी मोकळा श्वास आला.

पण पुढचंही सांगते, कारण अर्धं सांगणं बरं नाही. माझ्या शेजारी एक धिप्पाड माणूस होता. तो डनब्लेनच्या आईबापांबद्दल बोलायला लागला. रडून रडून सरकारला नाचवतायत म्हणाला. दोघे-तिघे हसले. मी त्याला म्हटलं की त्यांच्याबद्दल आणखी एक शब्द काढलास तर ही काठी डोक्यात बसेल, आणि माझा नेम चांगला आहे. तो गप्प झाला. पण मला त्याच्याबरोबर चालवेना. म्हणून मी कडेला जाऊन उभी राहिले, आणि तिथेच तुमच्या पेपरवाल्याने मला गाठलं. तेव्हा फोटोतली बाई मोर्चात आहे की मोर्चाबाहेर, हे तिचं तिलाच नीट ठाऊक नव्हतं.

कोडं मलाही सुटलेलं नाही, इशबेल. नेडला सांग, चढ चढू नकोस. त्याने मला आधी विचारायला हवं होतं असंच अजूनही माझं मत आहे. ते बदलणार नाही.

हे पत्र दोघांनी वाटून घ्या.

हेट्टी

•

किलमार्टी
१ डिसेंबर १९९७

प्रिय हेट्टी,

अ. आ., आणि एक लांब श्वास.

नवं सरकार आलं आणि लहान नळीचीही बंद झाली. फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत सगळी पोलिसांकडे जमा करायची असं वाचलं. पेपर वाचून आनंद व्हायला हवा होता, कारण मी मागितलं तेच मिळालं. झाला नाही. वाईट वाटलं असंही म्हणवत नाही. तू म्हणशील की मास्तर, एक काय ते ठरव.

बाकी वाद तुझ्याशी घालायला उरलेलं आयुष्य आहे. आत्ता एवढंच विचारतो, आणि ह्या वेळी आधी विचारतो. ती पेटी जड असेल. तुझ्या एका हातात काठी. बेडोजला त्याची स्वतःची पिस्तुलं न्यायची असतील. तुझी हरकत नसेल तर मी येतो आणि ठाण्यापर्यंत तुझ्याबरोबर चालतो. ज्याने हे मागितलं, त्याने निदान तुझ्याबरोबर रांगेत तरी उभं राहावं.

नको म्हणालीस तर नको. वाईट वाटून घेणार नाही असं लिहिणार होतो, पण घेईन.

तुझा,
नेड

•

हॉपटन ब्रुक
२ मार्च १९९८

प्रिय इशबेल,

सा. न. वि. वि. ही अक्षरं मी आता पुन्हा चांगल्या अर्थाने वापरायला लागले आहे.

तुझा नवरा काल गाडीत बसवून दिला. पोचला असेल. त्याने तुला काय सांगितलं ते मला माहीत नाही, म्हणून सगळं मीच लिहिते. तो स्वतःबद्दल कमीच सांगणार.

पिस्तूल जमा करायच्या आदल्या दिवशी क्लबात शेवटची जमवाजमव होती. खाणीतून पिस्तूल आणलं, तेल लावलं. देऊन टाकायच्या वस्तूला तेल कशाला, असं नेडने विचारलं नाही. फडकं धरून शेजारी बसला. सकाळी शहरातल्या ठाण्यावर गेलो. रांग होती. बेडोजने चर्चला घालतो तो सूट घातला होता.

माझी पाळी आली. टेबलामागच्या हवालदाराने नंबर जुळवला, पिस्तूल उचललं आणि शेजारच्या लोखंडी पिंजऱ्यात भिरकावलं. इतर लोखंडावर ते जाऊन आदळलं. वर म्हणाला की ह्या वयात बाईमाणसाला असली खेळणी कशाला लागतात कोण जाणे. एकवीस वर्षं मी ते टेबलावर ठेवतानासुद्धा खाली कापड घालत होते.

आणि नेड बोलला. शाळेचा तो आवाज, इशबेल, जो ऐकून मागच्या बाकावरची मुलं उभी राहायची. त्याने हवालदाराला सांगितलं की ते आधी बाहेर काढा आणि नीट ठेवा. ही बाई इंग्लंडकडून तीनदा खेळली आहे, आणि हिच्या नावावर साधी चुकीच्या जागी गाडी लावल्याचीही नोंद नाही. कायद्याने मागितलं म्हणून ती आपणहून द्यायला आली आहे. हा कायदा मी मागितला, म्हणाला, टेबल टाकून मागितला, तेव्हा मला तो शिकवू नका. पण हिने गुन्हा केलेला नाही, आणि ही सही करेपर्यंत तुम्ही उभे राहा. हवालदार लाल झाला, पण पिस्तूल बाहेर काढून टेबलावर ठेवलं आणि उभा राहिला. मी सही केली.

गाडीत बसल्यावर मी नेडला विचारलं की आता तुझी ती सही मागे घ्यावीशी वाटते का. म्हणाला की नाही. तुला सांगते, मला बरं वाटलं. हो म्हणाला असता तर ते मला खूश करायला म्हटल्यासारखं झालं असतं, आणि नेड मला खूश करायला लागला की मला भीती वाटते. मग आम्ही मासे-बटाटे खाल्ले. त्याने गुपचूप माझ्यातले बटाटे उचलले. त्याच्या गोळ्यांबरोबर तळलेलं चालतं का ते डॉक्टरांना विचार.

तिसऱ्याच दिवशी प्रॉसरबाई आल्या. रोवेनाला आता बरं वाटतं, पुन्हा पाठवू का. पिस्तूल गेलं आणि मी परत सज्जन झाले. दार लावून घ्यावं असं फार वाटलं. पण मागे रोवेना उभी होती, उंच झालेली, आणि दोन वर्षांत त्या बोटांचं पार वाटोळं झालेलं. सोमवारी ये म्हटलं.

आणखी एक. बेल्जियममधला एक क्लब आमच्यासारख्या पाहुण्यांना त्यांची पिस्तुलं वापरू देतो. बेडोजने पत्ता आणलाय. मी म्हटलं की एवढ्या लांब मला कोण नेणार. नेड खिडकीतून बाहेर बघत होता. तसाच बघत म्हणाला की बोटीवर गाडी चढवता येते. तिकडे उलट्या बाजूने चालवतात म्हटलं तर म्हणाला की तो आयुष्यभर माझ्या उलट्या बाजूनेच चालत आलाय.

तू त्याला सोडशील ना, एवढं कळव. तुझ्या होकाराची आणि मायेची वाट पाहणारी,

हेट्टी

•

ब्रूजजवळ, बेल्जियम
१७ मे १९९८

प्रिय इशबेल,

गोळ्या घेतो आहे. चढ नाहीत, हा देश पोळपाटासारखा सपाट आहे. इतकं वाचून तू निर्धास्त झालीस असं धरतो आणि मग नमस्कार करतो.

काल हेट्टीला क्लबात नेलं. शेतांमधली लांब, बुटकी विटांची इमारत. दार उघडलं ते फॅन डाम नावाच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी. मी मागच्या बाकावर कानांना टोपणं लावून बसलो. खरं सांगतो, पहिला बार झाला आणि माझं सगळं अंग आक्रसलं. दुसऱ्यालाही. तिसऱ्यालाही. तो हॉल डोळ्यांपुढे आला. तो जाणार नाही आणि जाऊ नये असंच मला वाटतं. मी उठून बाहेर जाणार होतो.

पण समोर हेट्टी उभी होती. एवढ्या वर्षांत मी तिला नेम धरताना कधी पाहिलंच नव्हतं. आधी वेळ नव्हता, मग मन नव्हतं. काठी तिने भिंतीला टेकवली होती. चांगल्या पायावर भार टाकून, डावा हात खिशात घालून, ती हळूच हात उचलते. मग काही वेळ तिच्यात कुठेही काही हलत नाही. आपल्या हेट्टीत, जी चहा घेताना कप सांडते, जी दोन पावलं सरळ चालू शकत नाही. चर्चमध्येही मी माणूस इतकं शांत झालेलं पाहिलेलं नाही. बार होतो आणि ती तशीच राहते, जणू तो दुसऱ्याच कुणी केला. तिने ह्या खेळावर एवढा जीव का लावला, ते मला काल कळलं. तो तिच्याकडून घ्यायला मी हात लावला होता, तेव्हा काय घेतोय हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी घेतलं असतं. पण माहीत असायला हवं होतं.

कागद जवळ आणल्यावर फॅन डाम यांनी शीळ घातली. पिस्तूल पुसून पेटीत ठेवता ठेवता त्यांनी मोडक्या इंग्रजीत विचारलं की असला हात असताना बाई स्वतःचं पिस्तूल का आणत नाहीत.

मी मान खाली घातली. आता ती सरकारला, पेपरवाल्यांना, मला, सगळ्यांना धरणार, आणि तिला तो हक्क आहे, असं मनाशी म्हटलं. हेट्टीने काठी घेतली, कोटाची बटणं लावली आणि त्यांना सांगितलं की आमच्याकडे आता ते ठेवत नाहीत, एका शाळेत लहान मुलं मारली गेली. एवढंच. फॅन डाम यांनी पेटीचं झाकण अगदी हळू लावलं.

दोन वर्षं मला वाटत होतं की तिच्या तोंडून हेच ऐकायचंय. ऐकलं, इशबेल, आणि वाटलं की तिला हे सांगावं लागायला नको होतं. तिने काहीच केलं नव्हतं. मी किल्ल्या काढल्या आणि गाडी आणतो म्हणून बाहेर गेलो. गाडी दारातच उभी होती.

उद्या तिला पुन्हा जायचं आहे. मीही जाईन, मागच्या बाकावर बसेन.

घरी आल्यावर फार काही विचारू नकोस, नुसती शेजारी बस.

तुझा,
नेड